पुरावा मागणाऱ्यांनो, आधी दप्तर उघडा!

जातीच्या अत्याचाराविषयी बोलायला उभे राहिले की समोरून एक प्रश्न ठरलेला असतो : "पुरावा आहे का?" पेशवाईतल्या अस्पृश्यतेवर बोला, पुरावा मागतात. गावकुसाबाहेरच्या वेठबिगारीवर बोला, पुरावा मागतात. कालपरवा झालेल्या खुनावर बोला, तरी "हे जातीमुळेच झाले, याला पुरावा काय?" असे विचारतात. पुरावा मागण्यात गैर काही नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांना पुराव्याची भीती नाही. आधाराशिवाय विधान करू नये, हे आम्हाला त्यांनीच शिकवले. पण पुरावा म्हणजे बहुतेक वेळा कागद असतो. तो कागद कोणी लिहिला, कोणी जपला, कोणी जाळला आणि आज कोणाच्या कपाटात आहे, असे उलट विचारले की पुरावा मागणारे गप्प होतात.

हा उलटा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर दुसऱ्या महायुद्धात जप्त झालेल्या नाझी जर्मनीच्या कागदपत्रांची कहाणी पाहावी लागते. ज्यूंचा संहार आणि भारतातली जातिव्यवस्था एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. दोन्हींचा काळ, रीत आणि प्रमाण वेगळे आहे. आम्हाला तुलना करायची आहे ती फक्त दप्तराची. अत्याचार करणाऱ्याचे स्वतःचे दप्तर अत्याचारितांच्या बाजूने साक्ष देऊ लागते, ते कधी आणि कसे, एवढेच येथे पाहायचे आहे.

जर्मनी १९४५ च्या मे महिन्यात शरण आली. त्याआधीच दोस्त राष्ट्रांच्या फौजांबरोबर कागद शोधणारी पथके फिरू लागली होती. किल्ले, खाणी, तळघरे, कार्यालये, जिथे सापडतील तिथून त्यांनी दप्तरे उचलली. नाझींचा विचारवंत म्हणून मिरवणाऱ्या आल्फ्रेड रोझेनबर्गचे कागद बव्हेरियातल्या बान्झ येथील वाड्यात खोट्या भिंतीमागे सापडले. पोलंडवर हुकमत गाजवणाऱ्या हान्स फ्रांकने तर अटकेनंतर आपल्या रोजनिशीचे खंडच्या खंड स्वतः काढून दिले. २० नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला, तेव्हा अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी भर दिला तो साक्षीदारांपेक्षा कागदांवर. साक्षीदाराला खोटे पाडता येते, त्याच्यावर सूडबुद्धीचा आरोप करता येतो. आरोपीच्या स्वतःच्या सहीचे काय करणार?

त्या कागदांतली भाषा मात्र पाहण्यासारखी आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे पंधरा अधिकाऱ्यांची बैठक झाली. युरोपातल्या एक कोटी दहा लाख ज्यूंची देशवार यादी समोर ठेवून त्यांच्या संहाराची सरकारी खात्यांमध्ये वाटणी करायची, हा बैठकीचा विषय. वृत्तांताच्या तीस प्रती निघाल्या. त्यांतली फक्त सोळाव्या क्रमांकाची प्रत वाचली आणि १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या जप्त फायलींमध्ये सापडली. त्या वृत्तांतात 'ठार मारणे' हा शब्द शोधून सापडत नाही. 'पूर्वेकडे स्थलांतर' आहे, 'अंतिम तोडगा' आहे. आणि हे लिहिणारे अडाणी गुंड नव्हते. पंधरापैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षणाने माणूस आपोआप न्यायी होतो असे मानणाऱ्यांनी ही यादी एकदा पाहावी. धर्मग्रंथ तोंडपाठ असणाऱ्यांनीच माणसाला पाण्यापासून लांब ठेवले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या यादीचे आश्चर्य वाटणार नाही.

आता रेल्वेचे दप्तर घ्या. राऊल हिलबर्ग हा व्हिएन्नातून लहानपणी निर्वासित होऊन अमेरिकेत गेलेला ज्यू संशोधक. जप्त केलेली जर्मन कागदपत्रे अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया येथे आणून ठेवली होती. तिथे त्याने काम केले आणि १९६१ साली युरोपातल्या ज्यूंच्या विनाशावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे तो रेल्वेच्या कागदांपर्यंत पोहोचला. त्यातून दिसले ते असे : मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या माणसांचे भाडे आकारले जात होते. तिसऱ्या वर्गाचे, एकेरी. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून अधिक माणसे असतील तर गटाची सवलत. रेल्वेचा कारकून हिशेब चोख ठेवत होता. त्याच्या लेखी तो एक प्रवास होता. परतीचे तिकीट नाही एवढाच काय तो फरक. त्या हिशेबात द्वेषाचा एक शब्द नाही, आणि म्हणूनच तो इतका भयंकर आहे. अन्याय रोज शिव्या देत चालत नाही. तो नियमाने, रकान्यांत, सही-शिक्क्यानिशी चालतो. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कागद जाळण्याचाही प्रयत्न झाला. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तेव्हा ऑशविट्झ छावणीतल्या एस.एस. अधिकाऱ्यांनी दप्तरांची होळी केली. पण छावणीच्या बांधकाम कार्यालयाचे दप्तर बरेचसे शाबूत राहिले. त्यातला काही भाग पुढे ऑशविट्झच्या संग्रहालयाकडे आला आणि मोठा भाग मॉस्कोला गेला. बांधकामाचे दप्तर म्हणजे काय? नकाशे, ठेकेदारांची बिले, ताबापावत्या, पत्रव्यवहार. याच कागदांत २८ जून १९४३ चे एक पत्र आहे. छावणीतल्या सगळ्या भट्ट्यांमध्ये मिळून चोवीस तासांत ४,७५६ प्रेते जाळता येतील, असा हिशेब त्यात दिला आहे. २९ जानेवारी १९४३ च्या पत्रात लिहिणाऱ्याकडून 'वायू सोडण्याचे तळघर' अशा अर्थाचा शब्द निसटून गेला आहे. आणि 'मुडदेघर' म्हणून नोंदलेल्या एका तळघराच्या ताबापावतीत दोन वस्तू आहेत : वायू बाहेर जाणार नाही असा एक दरवाजा आणि न्हाणीघरातले चौदा शॉवर. मुडदेघरात आंघोळ कोण करणार होते?

झां-क्लोद प्रेसाक हा फ्रान्समधला औषधशास्त्र शिकलेला माणूस. ज्यूंचा संहार झालाच नाही असे म्हणणाऱ्यांच्या गोटात तो सुरुवातीला वावरत होता. त्याने ऑशविट्झच्या संग्रहालयात बसून हीच बिले आणि हेच नकाशे चाळले, आणि त्याचे मत फिरले. भाषणाने जे झाले नसते ते एका ताबापावतीने झाले. पुढे लंडनमध्ये डेव्हिड आयर्व्हिंग या लेखकाने इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर बदनामीचा दावा लावला. लिपस्टाट यांनी त्याला संहार नाकारणारा म्हटले होते. इंग्लंडच्या बदनामी कायद्यात आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याचा बोजा प्रतिवादीवर असतो. म्हणजे तिथेही अत्याचार झाला म्हणणारालाच "पुरावा दाखव" असे सांगितले गेले. वास्तुशास्त्राचा इतिहास जाणणारे रॉबर्ट यान व्हान पेल्ट यांनी न्यायालयापुढे जो पुरावा मांडला, त्यात याच बांधकाम दप्तराचा मोठा वाटा होता. एप्रिल २००० मध्ये आयर्व्हिंग हरला.

पण आमचे म्हणणे "कागद सापडला, सत्य जिंकले" एवढे भाबडे नाही. जप्त कागदही खोटे बोलतो. ऑशविट्झच्या मृत्युनोंदीची ४६ पुस्तके सोव्हिएत फौजेच्या हाती लागली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती संग्रहालयाला परत मिळाली. त्यांत १९४१ ते १९४३ या काळातल्या सुमारे ६९ हजार माणसांचे मृत्यू नोंदलेले आहेत. पण मृत्यूचे कारण कोणते? हृदय बंद पडले, न्यूमोनिया झाला, अशी. गोळी घातलेल्यांपुढेही आजाराचे नाव. आणि गाडीतून उतरताच ज्यांना सरळ वायुगृहात नेले त्यांचे नाव या पुस्तकांत नाहीच, कारण छावणीच्या पटावर ते कधी चढलेच नाहीत. ऑशविट्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. मृत्युनोंदीलाच पुरावा मानणारा संशोधक दहा लाखांहून अधिक माणसे गमावून बसेल. म्हणून जप्त दप्तर वाचण्याचा पहिला नियम असा : कागदात काय लिहिले आहे हे पाहा, आणि कोणाला लिहिलेच गेले नाही हेही पाहा.

हा नियम आमच्या देशात रोज लागू पडतो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. खून झाला हे न्यायालयाने मान्य केले, शिक्षाही दिल्या. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. कागदावर खून राहिला आणि जात पुसली गेली. २०२१ साली राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्यांचा रकाना वेगळा! रकाना बदलला की मरण बदलते. उद्याचा संशोधक फक्त हे उत्तर वाचेल आणि लिहील की या देशात मैला उचलताना कोणी मेलेच नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. दप्तर जप्त झाले म्हणजे सगळ्यांना खुले झाले, असे होत नाही. छळछावण्यांत गेलेल्या आणि युद्धात हरवलेल्या माणसांचे कागद जर्मनीतल्या बाड आरोल्झेन येथे गोळा केले होते. सुमारे तीन कोटी कागद, पावणेदोन कोटी माणसांची नावे. पण हे भांडार संशोधकांना खुले झाले ते २००७ साली, वाचलेल्यांच्या संघटना आणि वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय यांनी रेटा लावल्यावर. मॉस्कोत नेलेली जर्मन दप्तरे ज्या खास दप्तरखान्यात होती, त्याचे अस्तित्वच १९९० पर्यंत जगाला ठाऊक नव्हते. विजेत्यांच्या बाजूच्या माणसांचा मोहही सुटला नाही. न्यूरेंबर्गमधले एक अभियोक्ता रॉबर्ट केम्प्नर रोझेनबर्गची रोजनिशी घरी घेऊन गेले. ती २०१३ मध्ये सापडली आणि मग वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पोहोचली. जवळजवळ सत्तर वर्षे एक मोठा पुरावा खाजगी घरांत फिरत राहिला. जो नाझी नव्हता, तोही दप्तराचा मालक होऊन बसला.

येथे आम्हाला पुण्याकडे वळावे लागते, कारण युद्धात हाती लागलेले एक प्रचंड दप्तर आपल्याकडेही आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणे घेतले, १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली, जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी ते जपले, पण कशासाठी? जमिनी कोणाच्या, इनाम कोणाचे, महसूल किती, हे ठरवण्यासाठी. गावकुसाबाहेरच्या माणसाला न्याय द्यावा म्हणून ते कोणी उघडले नाही. पुढे ते पुण्यात कुलपात राहिले. भारतीय अभ्यासकांना तिथे सहज प्रवेश नव्हता. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. काम मोठेच होते, पण निवड झाली ती मुख्यत्वे लढाया, तह आणि दरबार यांची. राज्य कोणी जिंकले हे कळले. त्या राज्यात महाराने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न मागे पडला.

तरीही कागद बोललाच. याच दप्तरातून निघालेल्या निवडक रोजनिश्यांमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला पंढरपूरचा एक हुकूम आहे. चोखामेळ्याच्या दगडापाशी अस्पृश्य पूजेला येतात, जागा अरुंद आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्पर्श होतो, अशी तिथल्या ब्राह्मणांची तक्रार. सरकारचा निकाल असा की अस्पृश्यांनी तिथे न येता लांबून, दीपमाळेपासून किंवा जवळच्या महारवाड्यातून पूजा करावी. "अस्पृश्यता ही केवळ लोकांची रूढी होती, राज्याचा तिच्याशी संबंध नव्हता" असे सांगणाऱ्यांनी हा हुकूम वाचावा. येथे रूढीमागे सरकारचा शिक्का उभा आहे. आणि हे कागद जातीच्या अंगाने नेटाने वाचणाऱ्यांत एक नाव आहे हिरोशी फुकाझावा यांचे. जपानी माणूस! टोकियोहून येऊन त्यांनी मराठी दप्तरांवर काम केले आणि राज्यसत्ता जात कशी राबवत होती यावर १९६८ साली निबंध लिहिला. मराठीत प्रा. पी. ए. गवळी यांनी पेशवेकालीन गुलामगिरी आणि अस्पृश्यतेवर ग्रंथ लिहिला. ही नावे आमच्या किती तरुणांना ठाऊक आहेत? शनिवारवाड्याच्या कथा मात्र सर्वांना पाठ!

जर्मनीत आणि आपल्याकडे जो फरक आहे तो आमच्या मते येथे आहे. नाझी सत्ता हरली, तिचे दप्तर जप्त झाले आणि तिने ज्यांना संपवायचे ठरवले होते त्यांच्यातलाच एक, हिलबर्ग, ते वाचायला बसला. पेशवाई हरली, तिचेही दप्तर जप्त झाले, पण ते वाचायला बसले ते एकतर महसूल मोजणारे साहेब किंवा पेशवाईचा अभिमान बाळगणारे पंडित. दप्तर जप्त होणे पुरेसे नाही. ते वाचणारा कोण, यावर पुरावा ठरतो. आणि जातिव्यवस्थेचे म्हणाल तर ती कधी शरणच आली नाही. तिचे दप्तर जप्त करणारी फौज कधी आली नाही. ते आजही चालू आहे, आजही तिचेच लोक लिहीत आहेत. उलट त्या हरलेल्या हिटलरचे आत्मचरित्र आमच्या शहरांतल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी जागी मांडलेले असते. त्याच्या दप्तरातली ताबापावती मात्र कोणी वाचत नाही.

बाबासाहेबांनी यावर मार्ग दाखवला होता. शत्रूचेच ग्रंथ पुढे घेऊन त्यांनी त्या ग्रंथांना साक्षीला उभे केले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुराव्याचे दुवे तुटलेले असतील तेव्हा संशोधकाने काय करायचे, हा प्रश्न त्यांनी थेट हाताळला. आणि चवदार तळ्याच्या खटल्यात तर डाव उलटला. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा सवर्णांचा दावा होता. न्यायालयाने पुरावा मागितला तो त्यांच्याकडे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. पुरावा आम्हीच का द्यायचा, तुम्ही द्या, हे बोलण्याचा आत्मविश्वास आम्हाला महाडने दिला आहे.

आता प्रश्न आमच्या स्वतःच्या कागदांचा. वॉर्सा शहरातल्या कोंडवाड्यात इमान्युएल रिंगेलब्लुम या ज्यू इतिहासकाराने नोव्हेंबर १९४० पासून साथीदारांसह गुप्तपणे कागद जमवले. रोजनिश्या, शाळकरी पोरांचे निबंध, रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्यांच्या वेष्टनाचे कागदसुद्धा. आपला इतिहास फक्त मारेकऱ्यांच्या दप्तरातून लिहिला जाऊ नये म्हणून. ते सगळे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. १९४६ मध्ये एक भाग सापडला, १९५० मध्ये दुसरा. तिसरा अजून सापडलेला नाही. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये मारला गेला. साठेक साथीदारांपैकी तिघे वाचले. मरण समोर दिसत असताना ही माणसे ट्रामचे तिकीट जपत होती!

आणि आम्ही? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांत येऊ लागली ती १९७९ पासून, वसंत मून यांच्या अविरत कष्टांतून. पुढे त्या खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद गोळा करून चरित्र लिहायला घेतले. ज. वि. पवार यांनी बाबासाहेबांनंतरच्या चळवळीचे खंड लिहिले. ही सगळी एकेकट्या माणसांची जिद्द आहे. समाज म्हणून आमचे दप्तर कुठे आहे? नामांतराच्या लढ्यातली पत्रके, पँथरच्या सभांची हँडबिले, गायरानाच्या आंदोलनातल्या नोटिसा, तुरुंगातून घरी आलेली पोस्टकार्डे कुठे आहेत? माळ्यावरच्या ट्रंकेत. आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे.

म्हणून आमची मागणी आणि आमचे आवाहन दोन्ही स्पष्ट आहेत. सरकारकडे मागणी अशी की पेशवे दप्तरातले वतन, बलुते, वेठ आणि जातीच्या तंट्यांचे कागद सूची करून, छायाप्रती काढून सगळ्यांना खुले करावेत. आणि आमच्या तरुणांना आवाहन असे की मोडी शिका. जर्मन दप्तर वाचायला तिथल्या संशोधकाला जुनी वळणदार लिपी शिकावीच लागते, तशी आपल्याला मोडी शिकावी लागेल. महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने अक्षर सुटू लागते. कागद हाती आला की पाच प्रश्न विचारा : कोणी लिहिला, कोणाला लिहिला, कोणत्या कामासाठी, कोणता शब्द टाळला, आणि कोणाचे नाव नाही. आजच्या अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणात फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती माहितीचा अधिकार वापरून किंवा न्यायालयातून मिळवा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाईलवर नोंदवून ठेवा, तारीख आणि गाव यांसह. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट कागदांसाठी ठेवा, आणि त्याची किल्ली एकाच माणसाच्या खिशात ठेवू नका.

पुरावा मागणारे उद्याही मागणार आहेत. आम्ही तो देऊ. त्यांच्या दप्तरातून देऊ आणि आमच्याही दप्तरातून देऊ. फक्त त्यांनी कपाटाच्या दारातून बाजूला व्हावे.

जय भीम!